लिओ फेंडर : उघडता येईल असं बनवणारा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला, तो एक जड खोकं घेऊनच. खोक्यात गिटारचा जुना, छोटा प्रॅक्टिस ॲम्प्लिफायर होता. वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका मुलानं स्वस्तात विकलेला, १० वॅटचा. प्लग लावला की आतून सतत घुंईं असा आवाज यायचा आणि गिटारची पिन जरा हलली की सूर बंद पडायचा. घरात डॉक्टर असला की माणसांबरोबर यंत्रंही त्याच्याकडेच येतात. मी ते खोकं धाराशिवातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे नेलं. काका सत्तरीच्या पुढचे. एके काळी त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले रेडिओ आणि टेपरेकॉर्डर ओळीनं मांडलेले असायचे. आता आजूबाजूला सगळी मोबाइलची दुकानं आहेत. काकांनी मागचे स्क्रू काढले, आत डोकावून पाहिलं आणि थोड्याच वेळात दोन दुखणी सांगितली. पिन जिथे बसते त्या सॉकेटचं सोल्डरिंग तडकलं होतं आणि वीजपुरवठ्याचा मोठा कपॅसिटर फुगला होता. सॉकेटचं काम तिथल्या तिथे झालं. त्या मापाचा कपॅसिटर मात्र गावात मिळेना.

तो भाग मिळेपर्यंत एक आठवडा गेला. त्या आठवड्यात भाच्याशी बोलताना एका माणसाचा विषय सारखा निघायचा. तो माणूस म्हणजे लिओ फेंडर. गिटार वाजवणाऱ्या कुणालाही हे नाव नवं नाही, कारण जगभरातल्या लाखो गिटारींवर ते छापलेलं आहे. गंमत अशी, की खुद्द फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते. डॉक्टरच्या नजरेनं पाहावं असंही त्यांच्या आयुष्यात बरंच आहे, म्हणून आज त्यांची गोष्ट.

एक डोळा आणि एक खोकं

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या सीमेवर झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. म्हणजे घर शेतकऱ्याचं.

वयाच्या ८ व्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. ही शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. आज लहान मुलांच्या डोळ्यातली गाठ लवकर सापडली, तर केमोथेरपी, लेझर अशा उपचारांनी अनेकदा डोळाही वाचवता येतो. लवकर सापडणं मात्र आईवडिलांच्या नजरेवर अवलंबून असतं. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत मुलाच्या एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा मूल नव्यानं तिरळं पाहू लागलं, तर थांबू नका. नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

आपले दोन डोळे एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रं टिपतात आणि मेंदू त्या फरकावरून अंतर काढतो. एका डोळ्यानं सुईत दोरा ओवून पाहा, अडचण लगेच कळेल. पण मेंदू, विशेषतः लहान मुलाचा मेंदू, दुसरे मार्ग शोधतो. सावली, वस्तूचा लहानमोठा आकार, मान हलवल्यावर काय किती सरकतं, यांवरून तो अंतर ओळखू लागतो. फेंडर यांनी पुढे जवळपास सत्तर वर्षं एका डोळ्याच्या बळावर बारीक तारा जोडल्या.

१९२२ साली त्यांच्या मामा-काकांच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी त्यांना एक खोकं पाठवलं. हे गृहस्थ सांता मारिया या गावात मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान चालवत. खोक्यात रेडिओचे टाकाऊ सुटे भाग होते आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ त्यांच्या दुकानात गेले. तिथे सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ होता आणि दुकानाबाहेरच्या कर्ण्यातून त्याचं मोठ्या आवाजातलं संगीत ऐकू येत होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनावर तो आवाज कायमचा कोरला गेला. घरी परतल्यावर त्यांनी एका कोपऱ्यात रेडिओ दुरुस्तीचा उद्योग मांडला.

हिशेबनीस ते मेकॅनिक

एवढी आवड असूनही कॉलेजात त्यांनी हिशेबशास्त्र घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतलं नाही. बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत माल पोहोचवण्याचं काम केलं, मग तिथेच हिशेब लिहिले. त्याच सुमारास एका वाद्यवृंदाच्या प्रमुखानं त्यांच्याकडून सभागृहासाठी ध्वनिवर्धक बनवून घेतले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की यांच्याशी लग्न झालं. राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनिसाची नोकरी लागली, ती मंदीत गेली. टायर कंपनीतली नोकरीही गेली.

१९३८ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. रेडिओ, ग्रामोफोन, सभेचे ध्वनिवर्धक असं सगळं तिथे यायचं. गावातले वादकही आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत. कोणता भाग वारंवार जळतो, कुठली तार वाहतुकीत निखळते, कुठला स्क्रू काढायला नको इतका वेळ लागतो, हे सगळं फेंडर रोज हातानं शिकत होते. आम्ही वॉर्डात शिकतो, तसंच ते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. काचेच्या डोळ्यामुळे त्यांना सैन्यात घेतलं गेलं नाही. १९४२ साली अमेरिकेत घरगुती रेडिओचं उत्पादन थांबवण्यात आलं. नवा रेडिओ मिळत नाही म्हटल्यावर जुन्याची किंमत वाढली आणि दुरुस्ती करणाऱ्याचीही. युद्धाच्या शेवटी शेवटी फेंडर यांनी डॉक कॉफमन या मित्रासोबत मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारी आणि त्यांचे छोटे ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. १९४६ साली कॉफमन बाजूला झाले आणि फेंडर यांनी स्वतःच्या नावानं कंपनी चालू ठेवली.

ॲम्प्लिफायर आणि ईसीजी

इथे जरा थांबून हे यंत्र करतं काय ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. तिनं थेट स्पीकर हलत नाही. ॲम्प्लिफायर ती वीज मोठी करतो आणि मग स्पीकरचा कागदी पडदा हवा ढकलतो.

आमचं ईसीजी यंत्र याच जातीचं. हृदयाच्या ठोक्याची वीज त्वचेवर येईपर्यंत साधारण १ मिलिव्होल्ट उरते. यंत्र ती मोठी करून कागदावर उमटवतं. १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची, हे माप जगभर एकच. दोघांची दुखणीही सारखी. अर्थिंग नीट नसेल तर आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज ईसीजीच्या रेषेत बारीक दाते पाडते. तीच वीज ॲम्प्लिफायरमध्ये घुंईं करते.

भाच्याच्या यंत्रातली घुंईं मात्र कपॅसिटरची होती. भिंतीतून येणारी वीज उलटसुलट वाहते. ती एका दिशेला वळवली तरी सेकंदाला १०० हेलकावे उरतात. आपल्या जिल्ह्यात नळाला रोज पाणी येत नाही, पण घरच्या टाकीमुळे तोटी रोज चालते. कपॅसिटर ही विजेची टाकी आहे. वर्षानुवर्षं तापून तिच्यातला द्रव सुकतो, टाकी लहान होते आणि हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोहोचतात.

फेंडर यांच्या कंपनीनं १९४८ साली शिकाऊ मुलांसाठी एक अगदी छोटा ॲम्प्लिफायर काढला. तोच पुढे चॅम्प नावानं प्रसिद्ध झाला. १९५० च्या दशकातला चॅम्प पाहिला तर आत तीन व्हॉल्व्ह दिसतात. एक वीज एका दिशेला वळवणारा, एक आवाज उचलणारा आणि एक स्पीकर हलवणारा. बाहेर आवाजाचं एकच बटण. शक्ती जेमतेम ५ वॅट. आतले भाग एका पट्टीवर शेजारी शेजारी मांडलेले, प्रत्येकापर्यंत कावीय सहज पोहोचेल असे. व्हॉल्व्ह सॉकेटमधून ओढून काढायचा आणि नवा खोचायचा. कोणत्या जागी कुठला व्हॉल्व्ह, हे छापलेला कागद पेटीच्या आतच चिकटवलेला. शेकडो मैल दूरच्या गावातल्या मेकॅनिकलाही तो कागद पुरेसा होता. सत्तर वर्षांपूर्वीचे असे ॲम्प्लिफायर आजही चालतात. त्यांतले अनेक भाग दोन-तीनदा बदललेले असतात. दुरुस्त होत राहिले म्हणूनच ते टिकले.

गिटारच्या बाबतीतही फेंडर असेच वागले. तोवरच्या गिटारींचा दांडा धडाला सरसानं चिकटवलेला असे. तो वाकला तर मोठी शस्त्रक्रियाच. फेंडर यांनी दांडा चार स्क्रूंनी बसवला. बिघडला तर स्क्रू काढायचे आणि दुसरा लावायचा. १९५१ ची टेलिकास्टर, त्याच वर्षीची प्रिसिजन बास आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर याच विचारातून आल्या. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे ते नमुने वादकांच्या हाती देत, त्यांच्या तक्रारी ऐकत आणि पुन्हा बदल करत. रुग्णाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारा डॉक्टर निम्मं निदान तिथेच करतो, असं आम्हाला शिकवलं जातं. फेंडर यांची पद्धत त्याहून वेगळी नव्हती.

न सुटलेलं दुखणं

पन्नाशीच्या सुमारास फेंडर यांना सायनसचा जंतुसंसर्ग झाला, स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंचा. तो जाता जाईना. प्रकृती इतकी खालावली, की आपण फार दिवस काढणार नाही असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी व्यवहार आवरायला घेतले आणि १९६५ च्या सुरुवातीला कंपनी सीबीएस या मोठ्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतर त्यांनी डॉक्टर बदलला आणि प्रतिजैविकांच्या मोठ्या मात्रेनं ते बरे झाले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. पेनिसिलिन तर युद्धाच्या काळापासून उपलब्ध होतं. एका नाकाच्या दुखण्यानं एवढ्या मोठ्या उद्योगाची मालकी बदलली.

सायनस म्हणजे गालाच्या आणि कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांचा निचरा नाकात होतो. सूज, हाडाचा वाकडेपणा किंवा मांसल वाढ यांनी ती वाट बंद झाली की आत पू साचतो. १२ आठवड्यांहून जास्त चाललेलं सायनसचं दुखणं जुनाट समजतात. अशा वेळी नाक दुर्बिणीनं तपासून, गरजेप्रमाणे स्कॅन करून कारण शोधावं लागतं. इथे दोन्ही टोकांच्या चुका मी ओपीडीत रोज पाहतो. साध्या सर्दीला प्रतिजैविक लागत नाही, तरी लोक दुकानातून परस्पर घेतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. त्यातून जंतू औषधाला जुमानेनासे होतात. उलट ज्यांना खरोखर पूर्ण उपचाराची गरज असते, ते वर्षानुवर्षं वाफेवर आणि मलमावर काढतात. काकांनी आधी बिघाड शोधला आणि मग भाग मागवला. औषधाचंही तेच आहे.

बरे झाल्यावर फेंडर स्वस्थ बसले नाहीत. १९७० च्या दशकात ते म्युझिक मॅन या कंपनीच्या कामात होते. १९७९ साली एस्थर कर्करोगानं गेल्या. पुढे जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल ही कंपनी उभी केली. उतारवयात पार्किन्सनचा आजार जडला. या आजारात मेंदूच्या एका छोट्या भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झडत जातात. हात थरथरतात, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं. बारीक काम करणाऱ्या माणसाला याहून कठीण दुखणं कोणतं? तरीही ते रोज कामाच्या खोलीत जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी, ८१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. आदल्या दिवशीही ते कामावर होते. पार्किन्सनच्या रुग्णाला घरात बसवून ठेवू नये, औषधाबरोबर चालणं, व्यायाम आणि हाताला काम चालू ठेवावं, असं आम्ही नातेवाइकांना सांगतो. त्यासाठी फेंडर यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं.

एका रात्रीची गोष्ट

उघडता येण्याजोगं यंत्र ही केवळ हौशी लोकांची चैन नाही. काही वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. रात्री छातीत कळ येऊन एक शेतकरी आले. ईसीजी यंत्र चालू होतं, पण रुग्णाला जोडायच्या केबलमधली एक तार प्लगजवळ आतून तुटलेली होती. प्लग सगळीकडून वितळवून बंद केलेला, त्याला एक स्क्रू नाही. निदान नक्की होईना, म्हणून त्यांना वाहनात घालून पुढे पाठवावं लागलं. ते वेळेत पोहोचले आणि वाचले. पण हृदयाच्या झटक्यात मिनिटागणिक स्नायू मरत असतो आणि त्या रात्रीचा तो रस्ता मी विसरलेलो नाही. नवी केबल यायला पुढे कित्येक दिवस लागले. तार मात्र वीतभर होती.

सुटा भाग शोधताना

भाच्याचा कपॅसिटर शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळाला. मुंबईत असता तर लॅमिंग्टन रोडला मिळाला असता. सोलापूरलाही विचारून पाहण्यासारखं असतं. घरी असं जुनं यंत्र असेल तर काकांकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. जुना भाग काढून पाकिटात घालून सोबत न्या, नुसतं वर्णन पुरत नाही. कपॅसिटरचे मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्टचा आकडा तेवढा किंवा जास्त चालतो, कमी कधीच नाही. आमचा २,२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा होता. ३५ व्होल्टचा मिळाला, तो बसला. अधिक-उणे टोकं उलटी लावली तर तो फुटू शकतो. बटण फिरवताना खरखर येत असेल तर भाग बदलण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा, बहुधा धूळच असते. भंगारातल्या स्टिरिओतून सॉकेट, बटणं, ट्रान्सफॉर्मर घ्यायला हरकत नाही, पण जुना कपॅसिटर घेऊ नका. त्याचंही वय झालेलं असतं.

आता डॉक्टर म्हणून. प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर घरी उघडूच नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ती कपॅसिटरमध्ये साठून राहते. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुवा आणि टेबलावर खाणंपिणं ठेवू नका. धूर दम्याच्या रुग्णाला त्रास देतो, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलं आणि गरोदर बाई जवळ नकोत. आणि दुरुस्त झालेला ॲम्प्लिफायर हळू वाजवा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असं मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. त्यांचा सुटा भाग ना तापकीर गल्लीत मिळतो, ना लॅमिंग्टन रोडला.

काकांनी कपॅसिटर बसवला, घुंईं थांबली. खोकं बंद करण्याआधी त्यांनी वहीचा एक चिटोरा फाडला, त्यावर तारीख आणि कपॅसिटरचं माप लिहिलं आणि तो आतल्या बाजूला चिकटवला. पुढे कुणी उघडेल त्याच्यासाठी. फेंडर यांच्या त्या छापील कागदाबद्दल मी काकांना सांगितलं. त्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या ईसीजी आणि सक्शन यंत्रावर मीही एकेक कागद चिकटवला. त्यावर फ्यूजचं माप, केबलचा क्रमांक आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ते लिहिलं. तुमच्या गावच्या दवाखान्यात, शाळेत, ग्रामपंचायतीत जी यंत्रं आहेत, त्यांवर असा कागद आहे का, एकदा पाहा.